दोनशे रुपये आणि सात वर्षे

एखाद्या दुकानदाराने चौदा वर्षांच्या मुलाला तंबाखूची पुडी विकली तर त्याला शिक्षा काय, या प्रश्नाला आपल्या कायद्यात दोन उत्तरे आहेत. ‘सिगारेट आणि अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३’ हा पहिला कायदा. सरकारी कचेऱ्यांत त्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात. त्याच्या कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखू विकणे हा गुन्हा आहे आणि त्याला जास्तीत जास्त २०० रुपये दंड आहे. दुसरा बालन्याय अधिनियम, २०१५. त्याच्या कलम ७७ प्रमाणे बालकाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुडी तीच, मूल तेच. पहिली शिक्षा इतकी हलकी की दुकानदाराने ती धंद्याचा किरकोळ खर्च म्हणून सोसावी. दुसरी इतकी जड की काही रुपयांच्या विक्रीपायी गावातल्याच ओळखीच्या माणसाला सात वर्षे आत घालायला ना शेजारी तक्रार करतील, ना पोलिसांचा हात उठेल. वापरता येईल, बोचेल आणि तरी माणूस उद्ध्वस्त होणार नाही, अशी मधली शिक्षा कायद्यात नाही. मुलांना तंबाखूपासून दूर ठेवणारे विक्रीवरचे निर्बंध जालन्यासारख्या जिल्ह्यात कागदावर का राहतात, याचे मुख्य कारण या मोकळ्या जागेत आहे, आणि ती जागा भरण्याचे साधन विक्रीचा परवाना हे आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

कोटपा एका दिवसात आलेला नाही. गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला देशभर मनाई झाली. मग २००३ चा केंद्रीय कायदा आला. १८ वर्षांखालील मुलांना विक्रीची बंदी मे २००४ पासून, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीची बंदी त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झाली. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटरांहून थोडे अधिक, आणि हे अंतर शाळेच्या कुंपणापासून चारही दिशांना मोजायचे असते. शाळा हा नुसता एक ठिपका धरला तरी त्याभोवती साडेसहा एकरांचे वर्तुळ होते. शाळेचे आवार धरले की ते आणखी वाढते. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातल्या लहान गावात जिल्हा परिषदेची शाळा गावठाणाला लागून असेल, तर हे वर्तुळ एसटीचा थांबा, पार, देऊळ आणि ग्रामपंचायत यांना पोटात घेऊ शकते. याचा अर्थ असा की नियम अक्षरशः पाळला तर अशा गावात तंबाखू विकायला कायदेशीर जागा फारशी उरणार नाही. जो नियम पाळल्यावर अर्धे गाव गुन्हेगार ठरते, तो नियम सगळे मिळून विसरतात. शहरात याच्या उलट अडचण आहे. नियमांतली शिक्षणसंस्थेची व्याख्या मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांभोवती बेतलेली आहे. ज्या खासगी क्लासच्या दारात संध्याकाळी अकरावी-बारावीची मुले उभी असतात, त्या दाराभोवती हे वर्तुळ ठामपणे आखता येत नाही.

त्याहून मोठी गफलत कायद्याच्या डोळ्यासमोर असलेल्या चित्रात आहे. तरुणांचे व्यसन म्हटले की जगभरच्या कायदे करणाऱ्यांपुढे सिगारेट येते. महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, आणि धुराविना तंबाखू खाणारे, लावणारे, दाढेत धरणारे २४.४ टक्के. म्हणजे इथला प्रश्न मळलेल्या तंबाखूचा, चुन्याचा, मिश्रीचा, माव्याचा आणि पुडीचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यावर बंदी घातली. विचार अगदी रास्त होता. मुलाच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात, आणि सुट्या सिगारेटवर कर्करोगाचे चित्रही नसते. पण पुडी ही मुळातच सुटी असते. एका वेळेपुरती, एका नाण्याला परवडणारी. ज्या राज्यात धुराच्या सहापट तंबाखू तोंडात जातो, तिथे सुट्या विक्रीची बंदी सिगारेट-विडीपाशी थांबली, ही त्या आदेशाची मोठीच उणीव आहे. हुक्का पार्लरवरची २०१८ ची बंदी, ई-सिगारेटवरची २०१९ ची केंद्रीय बंदी यांचे स्वागतच आहे, पण अंबड-घनसावंगीच्या मुलाशी त्यांचा संबंध कमीच.

टपरी जवळून पाहावी. वरच्या दोरीवर पुड्यांच्या माळा, पडद्यासारख्या. त्यांच्या खाली बरण्यांत लिमलेटच्या गोळ्या, चॉकलेट, शेंगदाण्याची चिक्की. गोळी घ्यायला आलेल्या मुलाची नजर वर गेली की माळेवरच जाते. फळीवर अडकित्ता, चुन्याची डबी, प्लॅस्टिकच्या कागदाचे चौकोनी तुकडे. मावा सांगितला की कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना त्या कागदात घालून तळहातावर घासघास घासतात आणि गुंडाळी हातात देतात. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आरोग्याचा इशारा हवा हा नियम एप्रिल २०१६ पासून आहे, पण माव्याच्या गुंडाळीला दर्शनी भागच नाही. विक्रीच्या जागी ‘१८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे दंडनीय आहे’ असा ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक नियमाने हवा. तो लावला नाही म्हणून कोणाची टपरी बंद होत नाही, कारण बंद करायला आधी ती तंबाखूविक्रीची जागा म्हणून कुठे नोंदलेली तर हवी.

मुलांबाबत घाई का करायची, याला वैद्यकाचे उत्तर सरळ आहे. निकोटिनची पकड वाढत्या वयाच्या मेंदूवर अधिक घट्ट बसते, आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तिखट सोसत नाही, आणि पुढे तोंडच उघडेनासे होते. दंतवैद्य साधी चाचणी करतात: स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहा. विशी-पंचविशीत ज्याची दोन बोटे जात नाहीत त्याने सुरुवात केव्हा केली असेल, याचा हिशेब अवघड नाही. राज्यात तंबाखू सुरू करण्याचे सरासरी वय आधीच्या प्रौढ सर्वेक्षणात १८.५ वर्षे होते, ते २०१६-१७ मध्ये १७.४ वर आले. तंबाखू घेणाऱ्यांचा एकूण टक्का त्या काळात ३१.४ वरून घसरला, सुरुवातीचे वय मात्र खाली सरकले. २०१९ च्या शालेय सर्वेक्षणात १३ ते १५ वयाची महाराष्ट्रातली ५.१ टक्के मुले तंबाखू घेणारी आढळली. देशाच्या ८.५ टक्क्यांपुढे हा आकडा दिलासा देणारा दिसतो, पण सरासरी सुरुवात सतराव्या वर्षी होत असेल तर पंधराव्या वर्षापर्यंतची मोजणी फक्त उंबरठा दाखवते. त्याच सर्वेक्षणात देशभरातली सिगारेट ओढणारी बहुतेक मुले ती दुकानातून किंवा टपरीवरून विकत घेत होती, आणि अशा जवळपास निम्म्या मुलांना वयाच्या कारणाने कोणी नाकारले नव्हते. दुकान हाच मुलांचा मुख्य पुरवठा आहे, एवढे यातून पुरेसे सिद्ध होते.

मग सरसकट बंदीच का नको? तो प्रयोग महाराष्ट्राने केला आहे आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २००२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २००४ मध्ये गोदावत पान मसाला खटल्यात ती बंदी राज्याच्या अधिकाराबाहेरची ठरली. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला. अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही, असा नियम २०११ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी गुटखा आणि पान मसाल्यावर बंदीचा आदेश काढला. कायद्याप्रमाणे असा आदेश एका वर्षापुरताच असतो, त्यामुळे तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. बंदी व्यर्थ गेली, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत झालेल्या पाहणीत गुटखा खाणाऱ्यांपैकी ४९ टक्के जणांनी बंदीनंतर आपले खाणे कमी झाल्याचे सांगितले होते. दूरदर्शनवरच्या जाहिराती आणि राजरोस लटकणाऱ्या गुटख्याच्या माळा गेल्या, हे थोडे नाही. पण बंदीने धंदा अंधारात ढकलला. पान मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि गिऱ्हाइकाने दोन्ही एकत्र करायच्या, ही पळवाट देशभर निघाली. बाहेरच्या राज्यांतून माल येत राहिला. फौजदारी कलमांचा वादही लांबला. जालना ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्या औरंगाबाद खंडपीठाने २०१६ मध्ये गुटख्याच्या प्रकरणांत भारतीय दंडसंहितेची कलमे लावता येत नाहीत असे ठरवले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून एकाच कृत्यासाठी दोन्ही कायद्यांखाली खटला चालवायला हरकत नाही असे सांगितले. न्यायालयात इतकी वर्षे गेली, पण टपरीवाल्याने मुलाला विचारायचा प्रश्न, ‘तुझे वय काय?’, या सगळ्यात कुठेच आला नाही. चोरून विकणारा वय विचारत नाही, कारण त्याच्या दृष्टीने मुलाला विकणे आणि मोठ्याला विकणे हे सारखेच बेकायदा असते.

परवान्याचे म्हणणे इथून सुरू होते. परवाना असलेल्या माणसाकडे गमावण्यासारखे काहीतरी असते. अमेरिकेत शिकागोजवळच्या वुड्रिज या लहान गावी १९८० च्या दशकाच्या शेवटी पाहणी झाली, तेव्हा १० पैकी ७ दुकाने मुलांना सिगारेट देत होती. १९८९ मध्ये गावाने तंबाखूविक्रीला परवाना लावला, मुलाला विकल्यास दंड आणि काही दिवसांसाठी परवाना स्थगित अशी शिक्षा ठेवली, आणि पोलीस वरचेवर तपासणी करू लागले. दीड-दोन वर्षांत मुलांना विकणारी दुकाने ५ टक्क्यांखाली आली. सातवी-आठवीतल्या नियमित धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ५ वर आले. तुलनेसाठी दुसरे गाव घेतलेले नव्हते, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे, आणि एका गावावरून जग ठरवू नये. पण १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने हेच तत्त्व राज्यांना लावले. अचानक तपासणी करा, मुलांना विकणाऱ्या दुकानांचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर केंद्राच्या अनुदानाला कात्री लागेल. १९९७ च्या सुमारास सुमारे ४० टक्के दुकाने तपासणीत नापास होत होती, २०११ पर्यंत हा आकडा १० च्या खाली गेला. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून स्थानिक संस्थांमार्फत तंबाखूविक्रीचा परवाना सुरू करण्याची सूचना केली होती.

परवाना ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. दारूचे दुकान परवान्यावर चालते, म्हणूनच गावातल्या बायांना ते बंद पाडता येते. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीचा कौल दिला, की दुकान हलते. तंबाखूच्या टपरीला परवानाच नाही, मग गावाने रद्द काय करायचे? शाळेच्या व्यवस्थापन समितीने तक्रार केली, महिलांनी ग्रामसभेत विषय मांडला, तरी हातात धरायला काही नाही. जालन्यात ही यंत्रणा उभी करायला नवे खातेही नको. शहराला २०२३ पासून महानगरपालिका आहे, अंबड, परतूर, भोकरदनला नगरपरिषदा आहेत, बदनापूर, मंठा, घनसावंगी, जाफराबादला नगरपंचायती आहेत, आणि बाकी गावोगाव ग्रामपंचायती. राज्याने कायद्याने अधिकार द्यावा आणि त्यांनी नोंद ठेवावी. पहिल्यांदा मुलाला विकले तर सात दिवस तंबाखूविक्री बंद, पुन्हा विकले तर महिना, तिसऱ्यांदा परवाना रद्द. सात दिवस ही शिक्षा दोनशे रुपयांपेक्षा खूप बोचते, आणि सात वर्षांसारखी ती कोणाचे घरही मोडत नाही.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप तंबाखूविरोधी संशोधकांकडूनच आलेला आहे. कॅरोलिन फिख्टनबर्ग आणि स्टँटन ग्लान्ट्झ यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की दुकानदारांनी नियम पाळण्याचे प्रमाण वाढले म्हणून मुलांचे धूम्रपान घटल्याचे दिसत नाही. मुले मित्रांकडून घेतात, किंवा जो दुकानदार देतो त्याच्याकडे जातात. हा निष्कर्ष बाजूला सारता येणार नाही. पण तो नेमके काय सांगतो? शहरात शंभर दुकाने असतील आणि नव्वद कायदा पाळत असतील, तरी उरलेली दहा सगळ्या मुलांना पुरतात. बंधाऱ्याला एकच भगदाड असले तरी पाणी थांबत नाही. त्यामुळे निर्बंध अर्धेमुर्धे नकोत, जवळजवळ पूर्ण हवेत, एवढाच त्याचा अर्थ निघतो. आणि इथे जालन्यासारख्या ग्रामीण जिल्ह्याला शिकागोपेक्षा सोपे जाणार आहे. ज्या गावात तंबाखूची तीन-चार दुकाने आहेत आणि दुकानदार प्रत्येक मुलाला बापाच्या नावाने ओळखतो, तिथे वय ठरवायला ओळखपत्रही लागत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडम या गावाने २००५ मध्ये विक्रीचे वय २१ केले आणि अंमल कडक ठेवला. २००६ ते २०१० या काळात तिथल्या शाळकरी मुलांतले धूम्रपान सुमारे १३ टक्क्यांवरून ७ वर आले, आजूबाजूच्या गावांत ते १५ वरून १२ वरच घसरले. शेजारची गावे मोकळी असूनही हा फरक पडला.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. जालना म्हणजे बियाणे आणि पोलादाचे शहर असले तरी जिल्ह्याचा बहुतांश भाग पावसावर जगतो. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अशा मुलखात टपरी हा रोजचा रोख पैसा आहे. परवान्याच्या नावाखाली टपरीवाल्याकडून हप्ता उकळला जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून परवाना स्वस्त हवा, अर्ज गावातच व्हायला हवा, आणि स्थगितीचा आदेश लेखी हवा, त्यावर अपिलाची सोय हवी. २०१७ च्या पत्रात तंबाखू विकणाऱ्या दुकानात बिस्किटे-गोळ्या विकू नयेत असेही सुचवले होते. मुलांच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण पहिल्याच दिवशी ते लादले तर लहान टपरीवाला मरेल आणि मोठा दुकानदार तरेल. आधी तंबाखू नजरेआड, बंद कपाटात ठेवायला लावावा. माळा खाली उतरल्या तरी पुष्कळ साधेल. आणि एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. मोठ्यांना तंबाखू विकण्याची मुभा राहतेच. केवळ मुलांना विकूनच जो धंदा तगतो, त्या धंद्याला पोटाचा आधार देता येत नाही.

तिसरा आक्षेप घरातला. ‘जा रे, आबांसाठी तंबाखू घेऊन ये’ असे म्हणून सहा-सात वर्षांच्या पोराला टपरीवर धाडणे हे गावोगाव नित्याचे आहे. आजीची मिश्री नातीने आणायची असते. कायदा कोणासाठी आणला हे विचारत नाही. मुलाच्या हातात विकले की गुन्हा झाला. इथे दुकानदारानेच नकार द्यायचा म्हणजे गावातल्या वडीलधाऱ्याला नकार द्यायचा, आणि ते जिवावर येते. पण हीच गोष्ट परवान्याच्या बाजूने जाते. ‘माझा परवाना जाईल, तुम्ही स्वतः या’ हे वाक्य दुकानदाराला सुटका देते. नकार त्याचा राहत नाही, नियमाचा होतो. २०१९ च्या त्या सर्वेक्षणात धुराविना तंबाखू कधी ना कधी घेतलेल्या देशातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो दहाव्या वाढदिवसाच्या आधीच चाखला होता. दहा वर्षांखालचे मूल स्वतःच्या पैशाने व्यसन शोधत जात नाही. वडीलधाऱ्यांची पुडी आणता आणता चिमूटभर तोंडात जाते. शाळांनी १०० यार्डांच्या हद्दीच्या पिवळ्या रेषा आखल्या, तंबाखूमुक्त शाळेचे निकष पूर्ण केले, सलाम मुंबई फाउंडेशनसारख्या संस्थांनी शिक्षकांना तयार केले, हे काम मोलाचे आहे. पण सकाळी शाळेत शपथ घेतलेल्या मुलाला संध्याकाळी त्याच रेषेपलीकडे पुडी आणायला पाठवले जात असेल, तर शपथेचा भार एकट्या मुलाच्या खांद्यावर पडतो.

राहता राहिला वयाचा प्रश्न. कर्नाटकाने आपल्या दुरुस्तीने विक्रीचे वय २१ केले आणि दंड १००० रुपयांवर नेला. महाराष्ट्रानेही तसे करावे अशी मागणी होते. अठराव्या वर्षी मत देणाऱ्याला तंबाखू का नाकारायचा, हा प्रश्न रास्त वाटतो. पण आपले राज्य बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आधीपासून लावत आले आहे आणि त्याने कोणाचा मताधिकार उणा झालेला नाही. २१ च्या बाजूचा खरा मुद्दा वेगळा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पुडी पुरवणारा बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचा मित्र असतो, आणि वय २१ केले की हा दुवा तुटतो. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २०१५ मध्ये याच कारणाने सर्वांत जास्त लाभ १५ ते १७ वयोगटाला होईल असा अंदाज केला होता. मी २१ च्या बाजूचा आहे, पण क्रम उलटा नको. आज १८ ची अट न पाळणाऱ्या दुकानदाराला २१ ची अट ऐकवली तर तो दोन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करील. आधी विकणाऱ्यांची नोंद, मग तपासणी, मग स्थगिती, आणि या तिन्ही गोष्टी वर्ष-दोन वर्षे चालल्या की वय वाढवावे. तपासणीसाठी अल्पवयीन मुलांना वापरायचीही गरज नाही. नुकतेच अठरा ओलांडलेले, दिसायला कोवळे दोन-तीन तरुण पाठवून टपरीवाला वय विचारतो का, एवढे पाहिले तरी पुरे. विचारले नाही तर पहिल्या वेळी लेखी समज द्यावी, आणि किती टपऱ्यांनी वय विचारले व किती जणांनी नाही, हा आकडा दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.